परदेशातल्या हॉटेलात मॅनेजर: अडचण कामाची की घरची?

लष्करवाला
ग्वाल्हेरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेतून निघालेली आमच्या गल्लीतली दोन मुलं यंदा आखातात चालली आहेत, म्हणून लिहितो. मी दुबईत अकरा वर्षं काढली, शेवटची चार रेस्टॉरंट आणि बँक्वेट सांभाळत. कंपनीनं रोस्टर, फूड कॉस्ट, ऑडिट सगळं शिकवलं. बायको दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी काय करेल, हे कोणी विचारलं नाही. दिवाळी असो की नववर्ष, सणाला आमची ड्यूटी ठरलेलीच. तिसऱ्या वर्षी ती मुलाला घेऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी परतली, पुढची आठ वर्षं मी एकटा. माझं ठाम मत आहे, घरच्यांशी बोलल्याशिवाय कंपनीनं माणूस पाठवूच नये.

जयेंद्रगंजची_लेक
दादा, वाईट वाटलं वाचून, पण पटलं नाही. अबू धाबीत मी हाऊसकीपिंग सांभाळते. हाताखाली नेपाळी, केनियन, फिलिपिनो. पहिल्याच वर्षी एका फिलिपिनो मुलीला सगळ्यांसमोर रागावले. ती "येस मॅम" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन गेली. आपल्याकडे साहेब रागावला तर संध्याकाळी चहा पाजून मिटवतो. तिथं चारचौघांत झालेला अपमान तिनं पोटात ठेवला. रमजानमध्ये तर कायद्यानं ड्यूटीचे दोन तास कमी होतात आणि इफ्तारची गर्दी त्याच महिन्यात! तेव्हा हीच माणसं आपणहून थांबली तर हॉटेल चालतं. माणसं कळली नाहीत तर घर कितीही सुखी असो, मॅनेजर टिकत नाही.

रियाधहून
दोघांचंही खरं, पण खुर्चीच आपली नाही त्याचं काय? सौदीत २०११ पासून निताकात नावाची सरकारी योजना आहे. कंपनीत स्थानिक लोक किती, त्यावर तिची श्रेणी आणि व्हिसा ठरतात. ज्या सौदी मुलाला मी फ्रंट ऑफिस शिकवतोय, तोच उद्या माझ्या जागी बसेल. देश त्यांचा, हक्कही त्यांचा. म्हणून मन लावून शिकवतो, पण ग्वाल्हेरचं घर विकलेलं नाही.

लष्करवाला
ताई, चूक कबूल करून सांगितलीत, मानलं. मीही स्टाफवर ओरडायचो. पण कधी? रात्री घरी व्हिडिओ कॉलवर मुलगा रडलेला असायचा, त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणून म्हणतो, दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. रियाधवाले भाऊ, तुमचंही त्या मुलांना सांगतो. दुबईत निघताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. आपल्याला पेन्शन नाही. रविवारी दोघांच्या आईवडिलांनाही बोलावलंय.