ओझरचं विमान रद्द: परताव्यावर थांबू नका

नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून सुटणारं दिल्लीचं विमान आदल्या रात्री रद्द झालं आणि कंपनीने फक्त तिकिटाचे पैसे परत केले, असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्यावर गप्प बसू नका. सुटण्याआधी २४ तासही उरले नसताना कळवलं, तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमाप्रमाणे परताव्याशिवाय भरपाईही देय असते. प्रवासाच्या कालावधीनुसार ५,००० ते १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांत जे कमी असेल ते. धुकं किंवा हवाई नियंत्रणाची अडचण असेल तर मात्र नाही. म्हणून रद्द करण्याचं कारण लेखीच मागा. तिकीट एजंटकडून काढलं असेल तर त्यावर तुमचाच मोबाइल नंबर होता ना, ते तपासा. प्रवाशाचा संपर्कच दिलेला नसेल तर भरपाई नाकारतात. कंपनीने दाद दिली नाही तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार करा. तरीही अडलं तर नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, कारण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क दिलाय.