स्पंज प्राणी कशावरून? आणि वर्ग तीन की चार?

शिंपला

नमस्कार मंडळी, पुतणीला प्राणिशास्त्र शिकवायला बसलेय आणि पोरिफेरापाशीच, म्हणजे स्पंजांच्या संघापाशीच, गाडी अडलीये. तिचं म्हणणं, काकू, याला तोंड नाही, पोट नाही, स्नायू नाहीत, मज्जातंतू नाहीत, जागचा हलत नाही, मग याला प्राणी का म्हणायचं? पुस्तकात एका ओळीचं उत्तर आहे की पेशीभित्तिका नसते, ते तिला पटत नाही आणि मलाही पुरेसं वाटत नाही.

दुसरं म्हणजे माझ्या वेळच्या पुस्तकात तीन वर्ग होते, कॅल्केरिया, हेक्झॅक्टिनेलिडा आणि डेमोस्पाँजी. तिच्या नोट्समध्ये चार आहेत, होमोस्क्लेरोमॉर्फा हा चौथा कुठून आला? आणि ॲस्कॉन, सायकॉन, ल्यूकॉन हे या वर्गांत कसे बसवायचे? तिला तक्ता करून द्यायचाय. कुणी नीट समजावून सांगेल का?

खारावारा

शिंपलाताई, पुतणीने अगदी मुळावर बोट ठेवलंय. स्पंज वनस्पती की प्राणी यावर लोक शेकडो वर्षं वाद घालत होते. निकाल लागला तो 1820च्या दशकात, एडिनबर्गच्या रॉबर्ट ग्रँटमुळे (तरुण डार्विन ज्याच्याबरोबर किनाऱ्यावर जीव गोळा करत हिंडायचा तो हाच). त्याने एका खोलगट काचेत समुद्राचं पाणी घेतलं, त्यात जिवंत स्पंजचा तुकडा ठेवला आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसला. तर स्पंजच्या मोठ्या भोकातून, म्हणजे ऑस्क्युलममधून, पाण्याची धार एकसारखी बाहेर पडतेय आणि तिच्याबरोबर बारीक कण उडतायत! आणि पाणी आत शिरत होतं ते अंगभर पसरलेल्या सूक्ष्म छिद्रांतून. पोरिफेरा हे नावही त्यानेच दिलं.

आता हे पाणी ओढतं कोण, तर आतल्या छोट्या छोट्या कप्प्यांना अस्तर असलेल्या कॉलर पेशी. प्रत्येकीला एक कशाभिका, म्हणजे चाबकासारखा हलणारा धागा, आणि तिच्याभोवती अतिबारीक धाग्यांची कॉलर. कशाभिका हलत राहते, पाणी त्या धाग्यांमधल्या फटींतून गाळलं जातं, बॅक्टेरिया बाहेरच अडकतात आणि पेशी त्यांना गिळून टाकते. पचन पेशीच्या आतच होतं, काही अन्न मधल्या थरात फिरणाऱ्या पेशींकडे जातं आणि त्या ते इतरांना पोचवतात. म्हणजे तोंड-पोट नसलं तरी तो दुसऱ्याला खाऊनच जगतो, स्वतःचं अन्न बनवत नाही.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे वेगाचं गणित. कॉलर पेशींचे कप्पे एकेकटे चिमुकले, पण त्यांचं सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ प्रचंड. ओढा मोठ्या तळ्यात शिरला की पाणी संथ होतं ना, तसं तिथे पाणी अगदी हळू होतं आणि पेशींना बॅक्टेरिया पकडायला वेळ मिळतो. मग तेच सगळं पाणी एका अरुंद ऑस्क्युलममधून बाहेर काढायचं म्हटल्यावर वेग वाढतो आणि वापरलेलं पाणी लांब फेकलं जातं, नाहीतर तेच उष्टं पाणी पुन्हा आत आलं असतं. पंप करणारं एकही इंद्रिय नाही, फक्त पेशी आणि नळ्यांची मांडणी, आणि तेवढ्यावर स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी दिवसभरात गाळलं जातं!

पाणकावळा

वरच्यात थोडी भर. प्राणी ठरवताना वाढ कशी होते तेही बघा. स्पंजमध्ये शुक्राणू आणि अंडपेशी बनतात, फलन होतं, भ्रूण तयार होतो आणि त्यातून पोहणारी अळी बाहेर पडते, म्हणजे जागचा न हलणारा प्राणी लहानपणी चांगला पोहत असतो, नंतर कुठेतरी चिकटून बसतो आणि अंगाची सगळी मांडणी बदलतो. पेशींना धरून ठेवणारं कोलॅजेन हे प्रथिन आहे. ग्रेट बॅरियर रीफवरच्या ॲम्फिमेडॉन क्वीन्सलँडिका या स्पंजचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात इतर प्राण्यांमधली बरीचशी जनुकं सापडली, अगदी मज्जापेशींच्या जोडणीत लागणारी प्रथिनं बनवणारीसुद्धा, आणि याला तर मज्जापेशीच नाहीत.

आणि पुतणीला एच. व्ही. विल्सन या प्राणिशास्त्रज्ञाचा 1907चा प्रयोग नक्की सांगा. त्याने जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळला, पेशी सुट्या होऊन पाण्यात पडल्या, त्या सरपटत एकमेकींजवळ आल्या, गोळे झाले आणि त्यातून पुन्हा नवा, नीट काम करणारा स्पंज तयार झाला. दोन जातींच्या पेशी मिसळल्या तर साधारणपणे त्या आपापल्या जातीच्याच पेशींना धरतात. आपलं कोण आणि परकं कोण हे पेशींना कळतं, प्राण्याचं शरीर उभं राहायला ही ओळख पायाभूत आहे.

निळीरेघ

वर्गांबद्दल मी लिहिते, माझा आवडता विषय आहे त्यामुळे लांबेल.

आधी तक्त्याचं. ताई, ॲस्कॉन, सायकॉन, ल्यूकॉन हे वर्ग नाहीत, पाण्याच्या नळ्यांच्या मांडणीचे प्रकार आहेत. ॲस्कॉन म्हणजे साधी नळी आणि आत कॉलर पेशी, सायकॉनमध्ये भिंतीला घड्या पडतात, ल्यूकॉनमध्ये शेकडो हजारो कप्पे. हे तिन्ही कॅल्केरियामध्येच सापडतात, आणि डेमोस्पाँजीमध्ये जवळपास सगळे ल्यूकॉन. त्यामुळे "ॲस्कॉन म्हणजे अमुक वर्ग" असा रकाना करूच नका, मुलं तेच पाठ करून बसतात. दोन वेगळे तक्ते करा.

वर्ग पूर्वी ठरले ते सांगाड्यावरून. कॅल्केरियाचे काटे, म्हणजे स्पिक्यूल, कॅल्शियम कार्बोनेटचे. हेक्झॅक्टिनेलिडाचे सिलिकाचे आणि मूळ सहा टोकांचे, म्हणून त्यांना काचेचे स्पंज म्हणतात. डेमोस्पाँजीमध्ये सिलिकाचे काटे, किंवा स्पाँजिन या लवचीक प्रथिनाचे तंतू, किंवा दोन्ही, किंवा काहीच नाही. आज ओळखल्या गेलेल्या नऊ हजारांहून जास्त जातींपैकी 80 टक्क्यांच्या वर याच वर्गात आहेत, गोड्या पाण्यातले स्पंजही यातच.

पण सांगाडा फसवतो. 1970 मध्ये स्क्लेरोस्पाँजी नावाचा आणखी एक वर्ग केला होता, प्रवाळासारखा जाड चुनखडी पाया बनवणाऱ्या स्पंजांसाठी. नंतर बारकाईने बघितल्यावर लक्षात आलं की असा पाया वेगवेगळ्या कुळांमध्ये स्वतंत्रपणे तयार झालाय, ती सगळी एका घरची मंडळी नाहीतच. तो वर्ग मोडीत निघाला.

होमोस्क्लेरोमॉर्फाचं उलट झालं. हे आधी डेमोस्पाँजीमध्येच कोंबलेले होते, कारण काटे असले तर सिलिकाचे. पण त्यांच्या पेशींच्या थराखाली पक्की आधारपटल असते, चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनची, अगदी इतर प्राण्यांच्या ऊतींसारखी. डीएनएच्या तुलनेतही ते डेमोस्पाँजीजवळ न बसता कॅल्केरियाच्या बाजूला जाऊन बसले, म्हणून 2012 मध्ये त्यांना अधिकृतपणे वेगळा वर्ग मिळाला. ऑस्करेला हा त्यातलाच, त्याला काटेच नाहीत! तुमचं जुनं पुस्तक त्या काळापुरतं बरोबर होतं, नोट्स आजच्या आहेत.

आणि "स्पंजमध्ये ऊती नसतात" हे वाक्य सरसकट शिकवू नका असं मला मनापासून वाटतं. होमोस्क्लेरोमॉर्फाच्या थरांना ऊती म्हणणारे संशोधक आहेत. काचेच्या स्पंजांचं तर आणखी निराळं, त्यांच्या शरीराचा मोठा भाग म्हणजे पेशींमध्ये भिंतीच नसलेलं एकसंध जाळं. त्यातून विद्युत संदेश जातो, फार सावकाश, सेकंदाला जेमतेम पाव सेंटीमीटर, पण पाण्यात गाळ उसळला की हा संदेश अंगभर पोचतो आणि सगळा पंप बंद पडतो. मज्जातंतू एकही नसताना.

शिंपला

निळीरेघ, खारावारा, पाणकावळा, खूप खूप आभार, दोन तक्त्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. आता अजून दोन गोष्टी. पुतणी म्हणते सगळे गाळूनच खातात का, अपवाद नाही का? आणि घरात एक वाळलेला स्पंजचा तुकडा आहे, कडक, हाताला टोचतो. तो कुठल्या वर्गातला हे घरच्या घरी कळेल का? साधा मायक्रोस्कोप आहे.

पाणकावळा

अपवाद आहे आणि जबरदस्त आहे. भूमध्य समुद्रातल्या एका गुहेत ॲस्बेस्टोप्लूमा हायपोजिया नावाचा मांसाहारी स्पंज सापडला, 1995 मध्ये त्याबद्दल प्रसिद्ध झालं. त्याला कॉलर पेशी नाहीत, पाणी गाळायची व्यवस्थाच नाही. लांब बारीक तंतूंवर हुकांसारखे स्पिक्यूल असतात, छोटा कवचधारी जीव त्यात अडकला की पेशी हळूहळू सरकत येऊन त्याला चहूबाजूंनी झाकतात आणि पचवतात. त्या कुळातले बरेचसे खोल समुद्रात राहतात, तिथे पाण्यात अन्न इतकं कमी की पाणी गाळत बसणं परवडतच नाही. म्हणजे जे लक्षण आपण स्पंजची ओळख म्हणून शिकवतो तेच यांनी सोडून दिलं.

निळीरेघ

तुकड्याचं सांगते. टोचतो म्हणजे स्पिक्यूल असणार. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काचेच्या नळीत घ्या, वर कपडे धुवायचं साधं ब्लीच थोडं घाला आणि ठेवून द्या. मांसल भाग आणि स्पाँजिन विरघळतं, फेस येतो, काटे तळाशी पांढरट गाळ होऊन बसतात. वरचं द्रव अलगद काढा, स्वच्छ पाणी घाला, बसू द्या, पुन्हा काढा, असं चार-पाच वेळा करा, मग एक थेंब स्लाइडवर. घाई केलीत तर ब्लीचचे स्फटिक काट्यांमध्ये मिसळून घोळ होतो.

काटे दिसले की त्यांचा आकार काढून ठेवा, दोन्ही टोकं टोकदार की एक टोक गोल, तीन फांद्या की सहा. डेमोस्पाँजीमध्ये बऱ्याचदा दोन आकारमानांचे काटे असतात, मोठे सांगाड्याचे आणि अगदी बारीक, चित्रविचित्र वळणांचे, ते बघायला लेन्स मोठी लावावी लागते आणि जात ओळखायला बऱ्याचदा तेच उपयोगी पडतात. कॅल्केरिया आहे का हे बघायचं तर दुसरा, ब्लीच न लावलेला तुकडा व्हिनेगरमध्ये टाका, चुनखडीचे काटे असतील तर बुडबुडे येत विरघळतील, सिलिकाचे तसेच राहतील. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीच करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. पुतणी करणार असेल तर तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि खिडकी उघडी ठेवा.

अंघोळीचा मऊ नैसर्गिक स्पंज असता तर त्यात काटे मिळालेच नसते, तो नुसता स्पाँजिनचा सांगाडा असतो. तुमचा बहुधा डेमोस्पाँजी निघेल पण काट्यांचे फोटो टाका, मग बोलू.

खारावारा

पुतणी पुढे विचारेलच म्हणून आधीच सांगतो, "स्पंज हे सगळ्या प्राण्यांचे पूर्वज" असं तिला शिकवू नका. आजचे स्पंज आपल्याइतकाच काळ उत्क्रांत होत आलेत. प्राण्यांच्या वंशवृक्षातून सगळ्यात आधी फुटलेली फांदी स्पंजांची की कंगवा-जेलींची (जेलीफिशसारखे दिसणारे समुद्री प्राणी, टेनोफोरा), यावर 2008 पासून जोरदार वाद चालू आहे. 2023 मध्ये गुणसूत्रांवरच्या जनुकांच्या जोड्या तपासून कंगवा-जेलींच्या बाजूने मोठा पुरावा आला, पण स्पंजांच्या बाजूचे अभ्यासक अजून मागे हटलेले नाहीत. कंगवा-जेलींना स्नायू आणि मज्जातंतू दोन्ही आहेत, म्हणजे ती फांदी आधीची निघाली तर स्पंजांकडे हे पूर्वी असून गेलं, की त्या जेलींनी स्वतंत्रपणे मिळवलं, हा प्रश्न उभा राहतो. तक्त्यात स्पंजला तळाशी एकटं ठेवण्याऐवजी दोन फांद्या शेजारी शेजारी काढा आणि त्यांच्यामध्ये प्रश्नचिन्ह घाला.