सासऱ्यांची बिडी आणि लेकीची घरघर, कसं बोलू?

नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, दोन खोल्यांचं घर. लेक पावणेदोन वर्षांची. दिवाळीपासून तिसऱ्यांदा तिची छाती भरली. आधी नाक गळतं, दुसऱ्या रात्री घरघर सुरू होते. परवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, तसे पहाटे तीनला दवाखान्यात पळालो. नेब्युलायझर दिल्यावर तासाभराने झोपली.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणी ओढतं का?" मी नाहीच म्हणणार होते. सासरे (आम्ही अण्णा म्हणतो) गॅलरीत जाऊन, दार लोटून बिडी ओढतात. पण धूर फटीतून आत येतोच, आणि कपड्यांना-हातांना चिकटलेला वेगळाच, असं डॉक्टर म्हणाले. लहान मुलांच्या श्वासनळ्या अरुंद, शिवाय ती आपल्यापेक्षा भराभर श्वास घेतात. त्यामुळे न्यूमोनिया, ब्राँकायटिस, कानाचा संसर्ग, सगळ्याचाच धोका वाढतो. पंखा लावून, खिडकी उघडून भागत नाही.

घरी येऊन अण्णांची शाल हुंगली. दुपारी ती याच शालीत, त्यांच्या मांडीवर झोपते. अजून नाकातून वास जात नाही.

अण्णा मूळचे सिन्नरचे. त्यांच्या आईने घरी बिड्या वळून मुलं शिकवली, त्यामुळे बिडीला वाईट म्हटलेलं त्यांना लागतं. चाळीस वर्षांची सवय आहे. नातीत त्यांचा जीव अडकलाय. 'तुमच्यामुळे आजारी पडते' असं ऐकलं तर तिला जवळ घेणंच सोडतील, ही मला भीती. नवरा म्हणतो, "मीही याच धुरात वाढलो, मला काय झालं?" दर थंडीत महिनाभर खोकतो, ते त्याला दिसत नाही. २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे, घरात मात्र ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

हे सुनेने बोलावं, की पुढच्या तपासणीला अण्णांनाच सोबत नेऊन डॉक्टरांकडून सांगवावं? साठी उलटल्यावर कुणाच्या घरी बिडी सुटली आहे का, कशी? १८००-११-२३५६ या सरकारी मोफत हेल्पलाइनवर कुणी फोन केलाय का? अण्णांना बीपीची गोळी चालू आहे, निकोटिनचं च्युइंगगम चालेल का हे त्यांच्या डॉक्टरांना विचारणारच आहे, पण घेतलेल्यांचा अनुभव हवाय.

तोवर बिडी सोसायटीच्या गेटबाहेर, आणि परत आल्यावर सदरा बदलून, हात-तोंड धुऊनच तिला घ्यायचं, एवढं तरी मागावं म्हणते. तपासणी मंगळवारी आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.