भावाची दारू सोडवायचीय, खर्च आणि लोक काय म्हणतील

दादा ४१ वर्षांचा, आता सकाळपासूनच घेतो. एका खाजगी सेंटरने महिन्याचे ६० हजार सांगितले, मेडिक्लेमवाले नाही म्हणाले, आणि आई म्हणते गावात कळलं तर बहिणीचं लग्न मोडेल. काय करू?

फणसगरे: मेडिक्लेमचं खरंय, बहुतेक पॉलिसीत व्यसनाचे उपचार वगळलेले असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास आजारातच धरलेत, तरी हे असंच चालतं. आधी सरकारी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग गाठा, खर्च खूप कमी. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.

निशा_पुणे: पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून, पुलंच्या देणगीतून उभं राहिलेलं. पैशांची अडचण आधीच सांगा. आणि हो, घरीच एकदम बंद करू नका हं, रोज पिणाऱ्याला फिट येऊ शकते.

बाप्या७४: मी एएवाला (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट), सोडून ९ वर्षं झाली. मीटिंगला फी नाही, आडनाव विचारत नाहीत. आणि गावाचं काय घेऊन बसलात, तो गटारात पडतो तेव्हा गाव बघतंच की!

प्रश्नकर्ता: खरंय बाप्याकाका. उद्या सिव्हिलला नेतो, आईला शुगर चेक करायला चाललोय सांगेन.