ग्रीसला चाललोय, आई शाकाहारी आहे. काय खावं, काय प्यावं?

सोनसळी:
ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन अथेन्स आणि सँटोरिनीला चाललेय. आई पूर्ण शाकाहारी, दूध-दही चालतं. बाबा सगळं खातात आणि संध्याकाळी थोडी घेतातही. जिथे बघावं तिथे सुवलाकी, गिरोस आणि मुसाका, सगळे मांसाचेच पदार्थ. आईने काय सॅलडवर दिवस काढायचे? तिकडे राहणाऱ्या कुणीतरी सांगा ना.

अथेन्सवाली:
सोनसळी, आईची काळजी सोड. मी इथे संसार मांडलाय, आणि ग्रीक घरांत रोज जे शिजतं ते बरंचसं आईला चालणारंच असतं. पर्यटकांच्या मेन्यूवर त्याला कोपऱ्यात टाकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. 'लादेरा' हा शब्द पाठ कर. ऑलिव्ह तेलात, टोमॅटोत सावकाश शिजवलेल्या भाज्या. फरसबीची फासोलाकिया, बटाटा-वांगं-झुकिनीचं ब्रियाम, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे गिगांतेस.

माझं सगळ्यात लाडकं म्हणजे येमिस्ता. टोमॅटो आणि ढब्बू मिरच्या कोरायच्या, टोमॅटोचा गर तांदळात मिसळायचा, त्यात कांदा, पुदिना, पार्सली आणि सढळ हाताने तेल. मधल्या फटींत बटाट्याच्या फोडी खुपसून ट्रे ओव्हनमध्ये, वरच्या टोप्या काळपट होईपर्यंत. ते बटाटे सगळा रस पितात, म्हणून घरात पहिली झुंबड त्यांच्यावर पडते. हे पदार्थ सकाळी करून दुपारी कोमटच वाढतात. गार आलं म्हणून परत पाठवू नका, चव तशीच खुलते. ताटात उरलेलं तेल ब्रेडने पुसून खायचं, सोबत फेटा चीजचा तुकडा.

एवढा शाकाहार आला तो बराचसा ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासांमुळे. ईस्टरआधीचे आठवडे, शिवाय वर्षभरातले बहुतेक बुधवार-शुक्रवार मांस, दूध, अंडी बंद. पण 'निस्तीसिमो' म्हणजे उपवासाचं, एवढ्यावर विसंबू नकोस. ऑक्टोपस, कोळंबी, शिंपले त्या उपवासाला चालतात! तारामोसलाता तर माशाच्या अंड्यांची. येमिस्ता आणि दोल्मादेस (द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेलं सारण) कधी खिम्याचेही असतात. 'होरिस क्रेआस, होरिस प्सारी', म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं दर वेळी स्पष्ट सांगायचं. काही जुन्या खानावळींत काचेमागे ट्रे मांडलेले असतात, तिथे बोट दाखवून मागता येतं. आईसाठी अशाच जागा शोध.

द्राक्षवेल:
सँटोरिनीत आईला 'फावा' नक्की दे. तिथल्या पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि केपर्स, म्हणजे खारवलेल्या आंबट कळ्या. टोमॅटोकेफ्तेदेस, म्हणजे टोमॅटोची भजी, तीही तिथलीच खासियत. बाबांसाठी आसिर्तिको वाइन. वाऱ्यापासून वाचावीत म्हणून तिथे द्राक्षवेली जमिनीलगत टोपलीसारख्या वळवतात, घड आतल्या बाजूला वाढतात. काय सुंदर दिसतं ते!

उझो, म्हणजे बडीशेपीच्या वासाची ग्रीक दारू, प्यायचा तर आधी उझो, मग गार पाणी, बर्फ सगळ्यात शेवटी. पाणी पडताच बडीशेपीच्या वासाचं तेल द्रावणातून सुटतं आणि पेला दुधाळ होतो. सोबत मेझे, म्हणजे छोट्या बशांतलं चटकमटक खाणं, हवेतच, रिकाम्या पोटी कुणी पीत नाही. रेत्सिना या वाइनला पाइनच्या राळेचा वास असतो, बाबांना एक पेला चाखायला देऊन बघ.

सोनसळी:
किती छान सांगितलंत दोघांनी! फेटा आईला चालेल ना? आणि कॉफीशिवाय तिचं पान हलत नाही.

अथेन्सवाली:
फेटा मेंढीच्या दुधाचं, त्यात फार तर ३० टक्के शेळीचं दूध. २००२ पासून युरोपात हे नाव फक्त ग्रीसच्या ठरावीक भागांतल्या चीजलाच लावता येतं. पण दूध घट्ट करायला बहुधा जनावराच्या पोटातून काढलेलं रेनेट वापरतात, तेव्हा आईला आधी सांग आणि तिलाच ठरवू दे. नको म्हणाली तर होर्यातिकी, म्हणजे टोमॅटो-काकडीचं ग्रीक सॅलड, 'होरिस फेता' (फेटाशिवाय) मागव.

ग्रीक कॉफीची साखर ऑर्डर देतानाच सांगायची, कारण ती ब्रिकीत, म्हणजे लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात, कॉफीबरोबरच उकळते. बिनसाखरेची स्केतो, मध्यम मेत्रियो, गोड ग्लिको. आल्यावर ढवळू नका, गाळ खाली बसू दे आणि तळाचा घोट सोडून द्या.