कादंबरीतला खटला नेमका कुठल्या कोर्टात चालवू? वकील आणि मोजणीतल्या मंडळींनी सांगा

कोर्टआवार_बेळगाव

नमस्कार मंडळी. बेळगावात वकिलांच्या ऑफिसात सव्वीस वर्षं कारकुनी केली, आता घरी असते. दोन वर्षं झाली, एक कादंबरी लिहितेय. कोर्टातली, राजकारणातली, वाचणाऱ्याला जागं ठेवील अशी. पण जागा आपली नाही. जेरुसलेमजवळचं एक पॅलेस्टिनी खेडं, तिथला ऑलिव्हचा मळा आणि त्या मळ्यातून जाणारी इस्रायलची भिंत.

हाच विषय का? एकदा सकाळी ऑफिस उघडायला गेले तर पायरीवर एक आजोबा बसलेले. मांडीवर दुधाची रिकामी पिशवी, तिच्यात घडी घातलेला उतारा आणि एक नोटीस. दोन्ही कानडीत. आजोबांना मराठी वाचता यायचं, कानडी अक्षर नाही. म्हणाले, "बाई, माजं रान ह्यात हाय का न्हाई, तेवडं बगून सांगा की." बघितलं. होतं. आणि हरकतीची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. त्यांनी काही न बोलता कागद परत पिशवीत घातले, पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं आणि वरून तळवा फिरवत बसले. पुढे पेपरात तिकडच्या भिंतीच्या खटल्यांबद्दल वाचलं तेव्हा मला तोच तळवा दिसला.

माझी नायिका वेस्ट बँकेतल्या, म्हणजे इस्रायली लष्कराच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागातल्या, रामल्ला शहराची वकील. ती जेरुसलेमच्या सर्वोच्च न्यायालयात ज्यूरीसमोर लष्करी अधिकाऱ्याची उलटतपासणी घेते आणि नकाशातली लबाडी उघडी पाडते. हे असं घडू शकतं का? मळा आपला आहे हे मालक कुठल्या कागदावर सिद्ध करेल? आणि एक प्रश्न झोप येऊ देत नाही: मी कधी तिथे गेले नाही, मग मी हे लिहावं का?

निपाणीचा_वकील

ताई, आधी ज्यूरी काढा. इस्रायलमध्ये ज्यूरी नाही. आणि नायिका त्या कोर्टात उभीच राहू शकत नाही. वेस्ट बँकेतल्या वकिलाची सनद तिथल्या लष्करी कोर्टात चालते, जेरुसलेमच्या सर्वोच्च न्यायालयात इस्रायली सनद लागते. शिवाय शहरात यायलाच परवाना हवा. म्हणजे हैफा नाहीतर नाझरेथचा, इस्रायलचा नागरिक असलेला अरब वकील तुम्हाला घ्यावा लागेल. मला विचाराल तर गोष्ट इथेच घट्ट होते. केस तिने रात्री जागून बांधायची, बोलायचं दुसऱ्याने, आणि सुनावणी चालू असताना ती नाक्याच्या अलीकडे फोन धरून उभी.

उलटतपासणीचंही तसंच. असे अर्ज आपल्याकडच्या रिटसारखे प्रतिज्ञापत्रांवर चालतात.

भिंतीच्या वाटेत आलेल्या बैत सुरिक या पॅलेस्टिनी गावाचा खटला मिळवून वाचा. निकाल ३० जून २००४, सरन्यायाधीश अहरोन बराक. सुरक्षेसाठी कुंपण, म्हणजे हीच भिंत, घालायचा अधिकार कोर्टाने मान्य केला, पण आखणीमुळे गावकऱ्यांना होणारा त्रास प्रमाणाबाहेर आहे म्हणून आव्हान दिलेल्या ४० पैकी ३० किलोमीटरची आखणी रद्द केली. त्यात इस्रायलच्याच निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या एका मंडळाने कोर्टापुढे वेगळी आखणी मांडली होती. लष्कराच्या कमांडरसमोर जुने कमांडर! शेजारच्या इस्रायली गावातले काही रहिवासीही गावकऱ्यांच्या बाजूने आले. तुमच्या नकाशातल्या लबाडीपेक्षा हे कितीतरी जड आहे, कारण इथे कुणीच खोटं बोलत नाही.

आणि मुदत. निकालातच लिहिलंय: ताब्याचा हुकूम निघाला की जागेची पाहणी, मग कमांडरकडे हरकत घ्यायला एक आठवडा. ती फेटाळली तर कोर्टात जायला आणखी एक आठवडा. तुमच्या आजोबांचे दोन दिवस आठवले मला.

नऊ दिवसांनी, ९ जुलैला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १४ विरुद्ध १ मतांनी सल्ला दिला की व्याप्त भागात बांधलेली भिंतच बेकायदा आहे. एका कोर्टाने आखणी तपासली, दुसऱ्याने अख्खी भिंत.

मलप्रभाकाठ

अक्का, मी खानापूर भागात मोजणीत होतो, म्हणून कागदाचं सांगतो. तिकडे जमिनीच्या भांडणात अजून १८५८ चा ऑटोमन जमीन कायदा निघतो. जुन्या मालकीपत्राला कुशान म्हणतात. पण वेस्ट बँकेतल्या पुष्कळ जमिनीची जॉर्डनच्या काळात चालू असलेली नोंदणी पुरी व्हायच्या आत १९६७ चं युद्ध झालं आणि काम थांबवलं गेलं. मग मालकाच्या हातात उरतं काय? कर भरल्याच्या पावत्या, शेजाऱ्यांची साक्ष आणि कसलेलं रान. त्या कायद्यात एका प्रकारची जमीन सलग तीन वर्षं पड राहिली तर सरकारकडे जाऊ शकते. म्हणून विमानातून काढलेले जुने फोटो कोर्टात येतात, अमुक साली नांगरट दिसते का ते बघायला. ज्याला पेरायला रानात जाऊच देत नाहीत त्याचं रान पड दिसतं, हे तुमच्या वकिलीणबाईला बोलता येईल.

आणखी एक, आमच्या धंद्यातलं. १९४८ साली जेरुसलेमची युद्धबंदीची रेघ इस्रायलच्या मोशे दायान आणि जॉर्डनच्या अब्दुल्ला अल-तल यांनी जाड पेन्सिलींनी १:२०,००० च्या नकाशावर ओढली. रेघेची जाडी तीन-चार मिलिमीटर. जमिनीवर त्याचे होतात ६० ते ८० मीटर. त्या जाडीत घरं होती, रस्ते होते. मी आयुष्यभर पेन्सिलीला टोक करून काम केलं, बांध अर्धा फूट सरकला तर भावाभावांत कोयते निघतात. हे वाचलं त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

कुवेतहून_परत

लिहा ताई. फक्त भिंत का आली तेही लिहा. २७ मार्च २००२ ला नेतान्याच्या पार्क हॉटेलात वल्हांडण या ज्यू सणाच्या जेवणाला बसलेल्या ३० माणसांचा जीव एका आत्मघाती हल्ल्यात गेला. त्याच वर्षी सरकारने कुंपणाचा निर्णय घेतला. तुमच्या न्यायाधीशाच्या मनात ते टेबल असणारच. इस्रायलमध्ये मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू आहेत, मायबोली नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी चालवलंय. तुमचं पुस्तक तिथल्या एखाद्या आजीच्याही हातात पडेल, हे धरून लिहा.

कुवेतला आमचा फोरमन वेस्ट बँकेतल्या नाब्लसकडचा. कॉटखाली घरच्या तेलाचा डबा. सकाळी बशीत चमचाभर ओतायचा, भाकर बुडवायचा आणि कुठल्या झाडाचं तेल ते सांगायचा. मळा म्हणू नका, झाडं म्हणा. एकेक.

कोर्टआवार_बेळगाव

तुम्हा तिघांचं वाचून रात्री बाराला उठून बसले. ज्यूरीचं अख्खं प्रकरण फाडलं, चाळीस पानं. वाईट वाटलं नाही.

एक मात्र ठरवलंय. आपलं सीमेचं दुखणं त्यांच्यावर लादायचं नाही. महाराष्ट्राचा दावाही २००४ मध्येच सुप्रीम कोर्टात गेला आणि आपण अजून तारखा मोजतोय, १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतोय. पण आपण मतदान करतो, आमदार निवडतो, रानात जायला मला कुणाचा परवाना लागत नाही. तिथे हुकूम लष्कराचा. हा फरक मी विसरले तर दोन्हीकडच्या माणसांशी खोटं बोलेन. माझ्याजवळ आहे ती न वाचता येणाऱ्या नोटिसीची ओळख, तेवढीच मी तिकडे घेऊन जाणार.

आता गोष्ट चौदा दिवसांची. पहिल्या दिवशी मालकाला झाडाला अडकवलेला हुकूम सापडतो. सातव्या दिवशी हरकत फेटाळली जाते. नायिका पावत्या लावतेय आणि मधल्या एका वर्षाची पावती नाही. ती कुणाच्या घरात आहे ते मला कळलंय, पण इथे सांगत नाही.

निपाणीकर सर, पुढच्या आठवड्यात बेळगावच्या कोर्टात येणार असाल तर कळवा, पहिल्या दोन प्रकरणांची झेरॉक्स घेऊन येते. आणि काका, ती पेन्सिलीची रेघ मी घेतेय. तुमचं ते टोक करणंही.