घरी केलेली बीअर बाटलीतून उसळते आणि एक बाटली फुटली. चूक नेमकी कुठे झाली?

लीड्सकर:

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहतो. येथे स्वतःच्या पिण्यापुरती बीअर घरी करण्यास १९६३ पासून परवाना लागत नाही, म्हणून या हिवाळ्यात मी प्रथमच माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाचा गोड अर्क) आणि हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुले) वापरून २० लिटर एल या प्रकारची बीअर केली. यीस्ट घालण्यापूर्वी हायड्रोमीटरवर (घनतेवरून द्रवात किती साखर उरली ते दाखवणारे उपकरण; साखर संपत जाते तसा आकडा उतरतो) १.०४४ असे वाचन मिळाले होते आणि पाचव्या दिवशी ते १.०१९ होते. सहाव्या दिवशी एअरलॉकमधील (बादलीच्या झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी) बुडबुडे थांबले, म्हणून आठव्या दिवशी पुन्हा न मोजताच बीअर बाटल्यांत भरली. अर्धा लिटरच्या प्रत्येक बाटलीत चहाच्या चमच्याने एक सपाट चमचा साखर घातली आणि बाटल्या घर गरम करणाऱ्या बॉयलरशेजारच्या कपाटात ठेवल्या. बीअर आंबवण्याची बादली मात्र स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत होती आणि तिथे रात्री पारा १४ अंशांपर्यंत उतरतो.

तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्री एक बाटली फुटली. सकाळी पाहिले तर शेजारच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात काचा रुतलेल्या होत्या. दुसरी बाटली मोरीत नेऊन उघडली, तेव्हा निम्मी बीअर फेसाबरोबर वाहून गेली. उरलेल्या ३६ बाटल्यांचे काय करावे आणि मूळ चूक कोणती, हे कृपया सांगावे. माझा साताऱ्याचा धाकटा भाऊही ही कृती मागतो आहे, ती त्याला पाठवावी का, हेही विचारायचे आहे.

माल्टप्रेमी:

कारणांची चर्चा नंतर करू, आधी बाटल्यांकडे पाहू. जाड हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घातल्याशिवाय त्या कपाटाचे दार उघडू नका. बाटल्या एकेक करून जाड टॉवेलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि फ्रिजमध्ये एकाच वेळी मावत नसतील, तर उरलेल्या घराबाहेरच्या थंडीत झाकणाच्या पेटीत ठेवा. बीअर गार झाली की वायू अधिक प्रमाणात तिच्यात विरघळतो, आतला दाब उतरतो आणि यीस्टचे कामही जवळजवळ थांबते. दोन दिवसांनी, बाटली टॉवेलमध्येच धरून, ओपनरने बुचाची कड जेमतेम उचला, सुस्कारा ऐकू आला की थांबा आणि फेस खाली बसल्यावर नवे बूच लावा.

आता कारण. एअरलॉकमधले बुडबुडे थांबले म्हणजे आंबवण संपले, असे समजणे ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. झाकण किंचित सैल असले तरी बुडबुडे दिसत नाहीत आणि थंडीने यीस्ट मंदावले तरी दिसत नाहीत. इंग्लिश एलच्या यीस्टला साधारण १८ ते २० अंश मानवतात. त्याखाली बऱ्याचशा जातींची यीस्ट काम अर्धवट टाकून तळाशी बसतात. इडलीचे पीठ थंडीत रात्रभर ठेवूनही फुगत नाही आणि तेच भांडे उबदार ओव्हनमध्ये ठेवले की दोन तासांत वर येते, तसाच हा प्रकार आहे. तुमचे यीस्ट मागच्या खोलीत निजले आणि बॉयलरशेजारी जागे झाले, असा माझा कयास आहे. एक बाटली उघडून, बीअर दोन पेल्यांमध्ये चहा निववतात तशी पंधरा-वीस वेळा ओतून वायू घालवा, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग हायड्रोमीटरवर मोजा.

रसायनवाला:

मला वरील निदान पटते, पण एक शक्यता तपासल्याशिवाय सोडू नये. बाटल्यांत किंवा नळीत रानटी यीस्ट अथवा जिवाणू राहिले, तर साध्या यीस्टला न पचणारी साखरही ते खातात आणि तेव्हाही बाटल्या अशाच उसळतात. अशी बीअर चवीला पातळ आणि आंबट लागते, कधी तिला लवंगेसारखा वास येतो आणि बाटलीच्या मानेशी आतून कडे दिसते. धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत, कारण तळाशी वाळलेल्या साक्यावर निर्जंतुक करणारे द्रावण नीट पोहोचतच नाही.

लीड्सकर:

आपल्या सूचनेप्रमाणे सर्व बाटल्या गार केल्या आणि तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या उघडून पाहिल्या. तिन्ही सारख्याच उसळल्या. चव स्वच्छ आहे, माल्टचा गोडवा कमी वाटतो, आंबटपणा अजिबात नाही आणि मानेशी कडेही दिसले नाही. वायू घालवून केलेले वाचन १.०१० आले.

माल्टप्रेमी:

मग संसर्गाची शंका बरीच दूर झाली. हिशेब असा मांडा. भरताना वाचन १.०१४ असावे असे धरू. पुढे बाटलीत ते चार अंकांनी (१.०१४ वरून १.०१० वर) उतरले आणि दर अंकामागे लिटरभर बीअरमध्ये सुमारे अर्धा लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे दोन लिटर झाला. तुमचा सपाट चमचा सुमारे ४ ग्रॅमचा, म्हणजे लिटरला ८ ग्रॅम साखर. तिचा आणखी दोन लिटर. आंबवताना विरघळून राहिलेला जवळपास एक लिटर तर होताच. लिटरभर बीअरमागे एकूण पाच लिटर वायू झाला. इतका वायू शॅम्पेनच्या बाटलीत असतो आणि तिची काच त्यासाठीच जाड केलेली असते. इंग्लिश एलला दोन ते अडीच पुरेसा होतो.

पुढच्या वेळी बादली घरात १९ अंशांच्या आसपास राहील अशा जागी ठेवा आणि लागोपाठ तीन दिवस वाचन हलले नाही, तरच बाटल्या भरा. साखर चमच्याने प्रत्येक बाटलीत घालण्यापेक्षा २० लिटरसाठी १२० ग्रॅम वजन करून घ्या, थोड्या पाण्यात उकळा, गार करून दुसऱ्या निर्जंतुक बादलीच्या तळाशी ओता आणि त्यावर नळीने अलगद बीअर सोडा. हवा मिसळू देऊ नका, नाहीतर काही आठवड्यांनी ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

रसायनवाला:

भावाला कृती पाठवू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा ठरतो, मग ते विक्रीसाठी असो वा घरच्यांसाठी. तो तुमच्याकडे आला की त्याच्याबरोबर एक बादली लावा. हायड्रोमीटर हातात धरून स्वतः वाचन घेतल्यावर जे समजते, ते कागदावरच्या कृतीतून समजत नाही.

लीड्सकर:

दोघांचेही मनापासून आभार. सर्व बाटल्यांतला वायू काढून नवी बुचे लावली असून त्या आता फ्रिजमध्ये आणि बाहेरच्या पेटीत आहेत. कालपासून नवी बादली जिन्याखाली १९ अंशांवर ठेवली आहे आणि वाचनांसाठी वही झाकणावरच बांधून ठेवली आहे.